बीएमएस (बॅटरी पॅकवर लक्ष ठेवणारा बोर्ड) धोका दिसताच पॅक वेळेवर तोडतो का, हे तपासायचं कसं?

तिसरं_वर्ष_इलेक्ट्रिकल: आमच्या सोलर गाडीचा पॅक १८६५० आकाराच्या लिथियम-आयन सेलचा आहे. बीएमएसची वरची मर्यादा ४.२ व्होल्ट. ती तपासायला एक सेल मुद्दाम ओव्हरचार्ज करू का?

वायरवाले_काका: अजिबात नको रे बाबा! सेन्स वायरी (प्रत्येक सेलचं व्होल्टेज बीएमएसला कळवणाऱ्या) पॅकवरून सोडव, रेझिस्टरच्या साखळीला जोड. एका 'सेल'च्या जागी आयसोलेटेड बेंच सप्लाय लावून व्होल्टेज हळूहळू चढव. कॉन्टॅक्टर (पॅक जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) उघडायला किती मिलिसेकंद लागले ते ऑसिलोस्कोपवर बघ. आणि मर्यादा थेट ४.२ कशाला? मोजमापातली चूक धरून थोडी खाली ठेव. मग एकेक सेन्स वायर उपटून बघ. वायर तुटली तरी 'सगळं ठीक' सांगणारे बोर्ड मी पाहिलेत.

तिसरं_वर्ष_इलेक्ट्रिकल: काका, प्रीचार्ज (कपॅसिटर आधी हळूहळू भरणारं सर्किट) अजून लावलेला नाही. चालेल?

वायरवाले_काका: नाही. मोटर कंट्रोलरचे रिकामे कपॅसिटर एकदम करंट ओढतात, कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात. मग बीएमएस बोंबलत बसतो आणि पॅक जोडलेलाच!

उन्हातली_मोटर: एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून पॅकला देणारं यंत्र) विसरू नका. भर उन्हात पॅक सुटला की पॅनेलच्या विजेला जायला जागा नसते, बसचं (पॅक, पॅनेल आणि मोटर जोडणाऱ्या मुख्य तारांचं) व्होल्टेज झपकन चढतं. पॅनेलही बीएमएसच्या त्याच सिग्नलवर तोडा. ही चाचणी बाहेर उन्हातच घ्या, टेबलावर कळत नाही.