जर्मन पासपोर्ट: तीन वर्षांची वाट बंद झाली ते बरं झालं म्हणणाऱ्यांसाठी

राईनकाठचा:
परवा इथेच एकाने लिहिलं, 'तीन वर्षांत पासपोर्ट म्हणजे खिरापत होती, बंद केली ते उत्तम.' डोकंच फिरलं, म्हणून वेगळा धागा. खिरापत? सी१ म्हणजे जवळजवळ अस्खलित पातळीचं जर्मन, नोकरीत नाहीतर समाजकार्यात विशेष कामगिरी, पोटापाण्यासाठी सरकारपुढे हात पसरलेला नाही, एवढं सगळं दाखवा, मग तीन वर्षं राहून नागरिकत्व. जून २०२४ ला आलं, ऑक्टोबर २०२५ ला गेलं. गृहमंत्री डोब्रिंट म्हणतात, पासपोर्ट म्हणजे बेकायदा स्थलांतराचं आमिष नको. सी१ करून कर भरणारा माणूस बेकायदा आलाय का?

जुनाजाणता:
इतकं तापायला काय झालं? आम्ही आलो तेव्हा आठ वर्षं लागायची, २००० च्या आधी तर पंधरा. कोणी मेलं नाही. तीन वर्षांत माणसाला धड शेजारी कळत नाहीत. नेहमीची पाच वर्षं शाबूत आहेत ना? उजव्या सीडीयू-सीएसयू पक्षांना तीही पुन्हा आठ करायची होती, डावीकडच्या एसपीडीसोबत सरकार करावं लागलं म्हणून राहिली.

राईनकाठचा:
'आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा' हा सासूबाईंचा युक्तिवाद झाला.

मठ्ठा_जिलबी:
तीन काय नि पाच काय, खरा वेळ फाइल हलेपर्यंत जातो. आमच्या शहरातल्या ऑफिसने पगारपत्रकं मागितली, दिली. मग नुसती शांतता. पुढच्या वर्षी पत्र: पगारपत्रकं जुनी झाली, नवी पाठवा! तीन महिने काहीच झालं नाही तर कोर्टात दावा लावता येतो, तो वकिलाकडून लावला तेव्हा कुठे साहेबांना जाग आली. अर्जाचे २५५ युरो वेगळे, वकिलाचे वेगळे.

कोकणी_फणस:
एवढी घाई कशाला पण? २०२४ पासून जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं, माझा तुर्की शेजारी दोन्ही पासपोर्ट खिशात घालून फिरतो. आपल्याला दिल्लीचा कायदा आडवा येतो, जर्मन झालात की भारतीय राहत नाही. मग ओसीआय, म्हणजे परदेशी झालेल्या भारतीयांना मिळणारा दाखला, घेऊन बसा. मत नाही, शेतजमीन नाही. गावच्या जमिनीवर पाणी सोडून मी सही करणार नाही.

जुनाजाणता:
फणसराव, अर्धवट माहिती पसरवू नका. शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली राहते.

कोकणी_फणस:
कागदावर राहते हो! चुलतभाऊ ओसीआयवाला, काका गेल्यावर वारस नोंदीला गेला. तलाठ्याने ते ओसीआयचं निळसर पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, एका पानाचा फोटो काढला आणि म्हणाला, 'हे आधार नाही ना? मग आधार आणा.' तुम्ही हॅम्बुर्गात बसून नियम सांगा.

जुनाजाणता:
एका तलाठ्यावरून कायदा ठरत नाही. आणि मी हॅम्बुर्गात बसून गावची घरपट्टी दरवर्षी भरतो, कळलं?

राईनकाठचा:
अहो, धागा जर्मनीचा आहे, सातबाऱ्याचा नाही! एकाला तरी दिसलं का, की जर्मन माणसाशी लग्न केलेल्यांना तीन वर्षांची वाट अजून उघडी आहे? लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत आणि बी१ म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन, बस. सी१ करत बसलेला एकटा जीव मात्र पाच वर्षं थांबणार.

जुनाजाणता:
बरं बाबा, हा मुद्दा तुमचा. जावई पास, स्कॉलर नापास. झालं समाधान? पण 'विशेष कामगिरी' ठरवणार कोण होतं? टेबलापलीकडचा साहेब, त्याच्या मर्जीने. ते गेलं याचं मला काडीचं दुःख नाही.

राईनकाठचा:
मग निकष पक्के करायचे होते, वाटच कशाला बुजवायची?

मठ्ठा_जिलबी:
फणस, फेरफार झाला का शेवटी?

कोकणी_फणस:
कसला होतोय! प्रांतांकडे अपील आहे. भावाला समक्ष बोलावलंय, आणि त्याला ऑगस्टशिवाय सुट्टी मिळत नाही.