मदत हवी आहे: ओएलईडी पडद्याखाली प्रकाशसंवेदक बसवताना पिक्सेलची रचना कशी असावी?

ओएलईडी पडद्यामागे (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच प्रकाश देतो) कॅमेरा आणि सभोवतालचा प्रकाश मोजणारा सेन्सर बसवण्याच्या रचनेवर मी काम करत आहे. त्या भागातील पिक्सेलची घनता कमी केल्यास प्रकाश अधिक आत येतो, पण तो तुकडा डोळ्यांना वेगळा जाणवतो. घनता तीच ठेवून पिक्सेल लहान केल्यास तेवढ्याच उजेडासाठी त्यांना अधिक तीव्र विद्युतप्रवाह द्यावा लागतो आणि ते, विशेषतः निळे, लवकर मंदावतात. मला सर्वाधिक चिंता विवर्तनाची, म्हणजे बारीक फटींतून जाताना प्रकाश पसरण्याची, वाटते, कारण नियमित जाळीमुळे दिव्यांभोवती उमटणाऱ्या रेघा सॉफ्टवेअरने पूर्ण पुसल्या जात नाहीत. पिक्सेलना वीज पोहोचवणाऱ्या वाहकांच्या कडा वक्र करून किंवा मांडणी अनियमित ठेवून कोणी ते कमी केले आहे का? तसेच, पडद्याचा स्वतःचा उजेड मोजमापात मिसळू नये म्हणून पिक्सेल विझलेल्या क्षणीच वाचन घ्यावे की तो हिशेबाने वजा करावा, याबाबत अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.