मदत हवी आहे: पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) एनक्यूएएसची (सरकारी दवाखान्यांच्या दर्जाच्या सर्टिफिकेटची) तयारी, पण रजिस्टर खरं कसं भरून घ्यायचं?

नमस्कार मंडळी. मी स्टाफ नर्स आहे, चार वर्षं नागपूरला एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाचं सर्टिफिकेट) असलेल्या प्रायव्हेट हॉस्पिटलात होती, आता दीड वर्षापासून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पीएचसीत. एमओ (मेडिकल ऑफिसर) सरांनी यंदा एनक्यूएएसचं काम माझ्याकडंच दिलं.

कागदावर दोन्हीकडं बरंचसं सारखंच आहे बरं का. इन्फेक्शन कंट्रोल, पेशंटचे हक्क, ऑडिट, सगळं इथंही आहे, एकेका मुद्द्याला 0, 1 नाहीतर 2 मार्क आणि पास व्हायला 70 टक्के. फरक दुसरीकडंच आहे. तिथं फ्रिजचं टेम्परेचर 9 दिसलं की आम्ही लगेच लिहायचो कारण लिहिलं की संध्याकाळपर्यंत दुरुस्तीवाला येऊन उभा. इथं आयएलआरचं (लस ठेवायच्या फ्रिजचं) रजिस्टर उघडलं तर सकाळ-संध्याकाळ 4, महिनाभर 4, सगळं एकाच पेनानं, आणि आमच्याकडं मे महिन्यात लाइन तीन-तीन तास जाते! सिस्टरला विचारलं तर म्हणे, "म्या एकदा 9 लिवलं होतं मॅडम, त मलेच खुलासा मांगला. मेकॅनिक त आलाच नाही."

लई वाईट वाटलं. रात्री दोन वाजता बाळंतपणाला धावणारी बाई आहे ती, खोटारडी नाही. पण लस 2 ते 8 मध्येच राहायला पाहिजे, लेकरं आपल्याच गावची आहेत.

ज्यांच्या पीएचसीला सर्टिफिकेट मिळालंय त्यांनी सांगा, खरं लिहिणाऱ्यावर बालंट येऊ नये म्हणून काय केलं? प्रायव्हेटवाल्यांनीही सांगा, ऑडिटच्या आदल्या रात्री रजिस्टर भरताना मी तिथंही पाहिलंय.

प्रतिसाद:
ताई, आमच्या पीएचसीला मिळालंय. आम्ही रजिस्टरला एक कॉलम वाढवला, लाइन कधी गेली अन् कधी आली. आकडा वर गेला तर कारण बाजूलेच दिसते. दर महिन्याच्या क्वालिटी टीमच्या मीटिंगमध्ये ते वाचून एमओंची सही घेतो, मग बोट एकट्या सिस्टरकडं जात नाही. लाइन गेल्यावर झाकण उघडू देऊ नका, 8 च्या वर गेलंच तर कुपीवरचं व्हीव्हीएम (उष्णता लागली की रंग बदलणारी खूण) पाहा आणि जिल्ह्याच्या कोल्ड चेनवाल्यांना त्याच दिवशी लेखी कळवा, पोच घ्या.

धागाकर्ती:
पोच घ्यायचं डोक्यातच नव्हतं भाऊ. त्या पानाचा फोटो टाकता का, उद्या सिस्टरसोबत बसून कॉलम आखते.