कोअरमध्ये इन्क्लिनेशन उणे येतंय, लाशाँ लिहू का? (तातडीचं)

चिखलमित्र: गाळाच्या कोअरची (समुद्रतळातून नळीने काढलेला उभा नमुना) चुंबकीय मोजणी झाली. वर सगळं ठीक, मध्ये ३० सेंमीच्या पट्ट्यात इन्क्लिनेशन (चुंबकीय दिशेचा आडव्याशी कोन) उणे २० ते उणे ३० अंश, खाली परत अधिक. ४१,००० वर्षांपूर्वीची लाशाँ घटना (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र थोडा काळ उलटलं होतं ती) म्हणून टाकू का? गाईड गावाला गेलेत, परवा सादरीकरण आहे.

दर्यावर्दी: कुठला समुद्र? अक्षांश? वय कशावरून धरलं?

चिखलमित्र: अरबी समुद्र, गोव्यासमोर, १५ उत्तर. वय अजून नाही. शेजारच्या कोअरवरून हजार वर्षांना ५ सेंमी गाळ धरलाय.

दर्यावर्दी: १५ अक्षांशाला साधारण २८ अंश यायला हवेत. पण ३० सेंमी म्हणजे ६,००० वर्षं! लाशाँ फार तर दोनेक हजारात आटोपली. कोअरचे तुकडे कापलेत, पट्टा त्या कापाशीच सुरू होतो का? तुकडा उलटा ठेवला गेला की असंच दिसतं.

भूगोलकाका: होकायंत्र चुकत असेल तर मोबाईल हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. आमचं लगेच सुधारलं.

चिखलमित्र: काका, मोबाईल नाही हो. @दर्यावर्दी, नाही, तुकड्याच्या मधूनच सुरू होतो.

भट्टीवाली: एएफ (उलटसुलट चुंबकीय क्षेत्राने नंतरचं चुंबकत्व पुसणं) केलंत ना? सोडा ते. नमुने तापवा, खनिजही कळतं. मी कायम तेच करते.

दर्यावर्दी: सागरी चिखल तापवला की पायराइटचं (लोह-गंधकाचं खनिज) मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) होतं. मग मोजणार काय, भट्टीचं क्षेत्र? एएफ किती मिलिटेस्लापर्यंत (क्षेत्राच्या ताकदीचं माप) नेलं?

चिखलमित्र: ८०. दिशा शेवटच्या पायऱ्यांवरून.

दर्यावर्दी: तिथेच शंका आहे. ग्रेगाइट (लोह-गंधकाचं चुंबकीय खनिज) असेल तर ६०च्या आसपास ते एएफमध्येच नवं चुंबकत्व धरतं, दिशा भरकटते.

भट्टीवाली: सगळ्यांचा चिखल तुमच्यासारखा नसतो. एक नमुना तापवायला काय जातं?

मनमौजी: ध्रुव उलटणार म्हणतात, खरं का? घराचं दार उत्तरेला आहे.

दर्यावर्दी: मागचं पूर्ण उलटणं सुमारे ७,७३,००० वर्षांपूर्वीचं. दार राहू द्या.

भूगोलकाका: अलिबागच्या वेधशाळेच्या नोंदी जोडा की! मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ला कुलाब्याहून तिकडे नेली.

चिखलमित्र: काका, सव्वाशे वर्षांच्या नोंदी ४१,०००ला कुठे जोडू?

दर्यावर्दी: २० ते ५० मिलिटेस्लामधली दिशा काढ. एनआरएमला (गाळातलं मूळ चुंबकत्व) एआरएमने (प्रयोगशाळेत दिलेलं चुंबकत्व) भागून तेव्हाच्या क्षेत्राची तीव्रता बघ. लाशाँत क्षेत्र पार दुबळं झालं होतं. तुझ्या पट्ट्यात तीव्रता पडलेली नसेल तर नावही घेऊ नकोस.

चिखलमित्र: एआरएम केलंच नाहीये. परवापर्यंत होईल?

भट्टीवाली: मशीन रिकामं मिळालं तर. तोवर एक नमुना तापवाच.