वाघोली, नाशिक की रत्नागिरी? आकडे एकमेकांशी जुळत नाहीत

उंबरठा_२७

नमस्कार. घर बदलायचं आहे आणि पर्याय तीनच उरलेत: वाघोली (पुणे), नाशिक (इंदिरानगर किंवा गंगापूर रोड) आणि रत्नागिरी शहर. घरात दोन ज्येष्ठ आणि चौथीतली मुलगी आहे. काम घरूनच असल्यामुळे ऑफिसच्या अंतराचा प्रश्न नाही.

एक्सेलमध्ये २०११ ची जनगणना, एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) गुन्हे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (एनएफएचएस-५) आणि केंद्राचा ईझ ऑफ लिव्हिंग (शहरांतली राहण्याची सोय) निर्देशांक असं सगळं मांडलंय. अडचणी अशा:

१) पुण्याची लोकसंख्या एका ठिकाणी ३१ लाख, दुसरीकडे ५० लाख, तिसरीकडे ९४ लाख. घनताही कुठे बारा हजार, कुठे सहा हजार.
२) महाराष्ट्राची साक्षरता मी मोजली तर ७२.६ टक्के येते, सगळीकडे मात्र ८२.३ छापलेली.
३) गुन्हे दरात पुणे दिसतं, नाशिक सापडतच नाही.
४) रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. हे चांगलं लक्षण समजायचं का?

यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं?

---

तक्ताबहाद्दर

पहिल्या दोन प्रश्नांत आकडे चुकलेले नाहीत, छेद (ज्याने भागलं तो आकडा) आणि हद्द बदललीय.

३१,२४,४५८ ही २०११ ची पुणे महापालिका. सुमारे ५०.५ लाख हा पुणे नागरी समूह, त्यात पिंपरी-चिंचवड (१७,२७,६९२) आणि पुणे, खडकी, देहूरोड ही तिन्ही कॅन्टोन्मेंट येतात. ९४,२९,४०८ हा अख्खा जिल्हा, म्हणजे भोरपासून इंदापूरपर्यंत. नाशिकचंही तसंच: महापालिका १४,८६,०५३, नागरी समूह १५,६१,८०९ (देवळाली कॅन्टोन्मेंट आणि भगूर धरून), आणि जिल्हा ६१,०७,१८७. त्या जिल्ह्यात मालेगावही आहे आणि सुरगाणा-पेठही. जिल्ह्याचा आकडा बघून इंदिरानगरबद्दल काहीही कळणार नाही.

घनतेची भानगड हद्दवाढीमुळे आहे. २०११ मध्ये पुणे महापालिकेचं क्षेत्र २५० चौ. किमीच्या आसपास होतं. २०१७ मध्ये ११ गावं आत आली, ३० जून २०२१ ला आणखी २३, आणि क्षेत्र सुमारे ५१६ चौ. किमी झालं. आता कुणी २०११ ची माणसं २०२१ च्या क्षेत्राने भागली की सहा हजार येतात, जुन्या क्षेत्राने भागली की साडेबारा हजार. पहिला आकडा कुठल्याच वर्षीच्या पुण्याचा नाही. पण बातम्यांत आणि प्रॉपर्टीच्या साइटवर तोच जास्त फिरतो.

तुमच्यासाठी यातली खरी मेख ही की वाघोली त्या २३ गावांतली. म्हणजे २०११ च्या पुणे शहराच्या कुठल्याही सरासरीत वाघोली नाहीच. ती हवेली तालुक्यातलं गाव म्हणून जिल्हा जनगणना पुस्तिकेत सापडेल. पुस्तिकेचे दोन भाग असतात: 'अ' मध्ये गाव-शहर निर्देशिका (पाणी, गटार, शाळा, दवाखाना), 'ब' मध्ये गाव आणि वॉर्डनिहाय प्राथमिक गोषवारा (लोकसंख्येचा सारांश तक्ता). शोधताना नावाने शोधू नका. एकाच नावाची गावं ढिगाने असतात आणि स्पेलिंग दर दशकात बदलतं. कोडने जा: महाराष्ट्र २७, नाशिक ५१६, पुणे ५२१, रत्नागिरी ५२८. तालुका आणि गावाचे कोड त्याच फाइलमध्ये पुढच्या रकान्यांत असतात. आणखी एक, जनगणनेचा वॉर्ड आणि निवडणुकीचा प्रभाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत्ताचा प्रभाग क्रमांक घेऊन २०११ च्या वॉर्डावर चिकटवू नका.

साक्षरता: जनगणनेत ७ वर्षांखालचं मूल निरक्षरच धरतात आणि दर काढताना ०-६ वयाची मुलं छेदातून वगळतात. राज्याचं गणित करून बघा. साक्षर ८,१५,५४,२९०, एकूण लोकसंख्या ११,२३,७४,३३३, पैकी ०-६ वयाची मुलं १,३३,२६,५१७. एकूण लोकसंख्येने भागलं की ७२.६, मुलं वजा करून भागलं की ८२.३. वाघोलीसारख्या तरुण कुटुंबांच्या वस्तीत लहान मुलं जास्त असतात, त्यामुळे चुकीच्या छेदाने अशी वस्ती उगाच मागास दिसते.

बाकी २०११ चं वय विसरू नका. संदर्भ दिनांक १ मार्च २०११. घरयादी (जनगणनेतली घरांची मोजणी) तर त्याआधीची, २०१० ची. पुढच्या जनगणनेचा दिनांक १ मार्च २०२७ ठरलाय. तोवर वाघोलीसाठी जुनी लोकसंख्या हा फक्त पाया समजा, आजचं चित्र नव्हे. रत्नागिरीत एवढी उलथापालथ नाही, तिथे जुना आकडा बऱ्यापैकी चालेल.

---

पंचनामा

गुन्ह्यांबद्दल.

नाशिक सापडत नाही कारण एनसीआरबीच्या महानगर तक्त्यात २०११ ला २० लाखांच्या वर असलेली १९ शहरंच येतात. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर. नाशिक जिल्हावार तक्त्यात बघा. तिथे आयुक्तालय आणि ग्रामीण अशा दोन ओळी असतात, तुम्हाला आयुक्तालयाची हवी. मात्र तिथे नुसती संख्या मिळते, दर तुम्हालाच काढावा लागतो.

शिवाय महानगरांचा छापील दरही जपून वापरा. त्यात छेद २०११ च्या जनगणनेचाच आहे, पुण्यासाठी ५०.५ लाख. गुन्हे ताजे आणि माणसं जुनी, म्हणजे झपाट्याने वाढलेल्या शहराचा दर आपोआप फुगतो. त्यात १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं पोलिस आयुक्तालय वेगळं झालं. अंशात त्यांचे गुन्हे धरलेत की नाहीत हे जिल्हावार तक्त्याशी ताडून बघितल्याशिवाय २०१७ आणि २०१९ शेजारी ठेवू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिथे कलमांची मालिका पुन्हा तुटते.

'एकूण गुन्हे' हा रकाना सरळ पुसून टाका. २०२० मध्ये देशात दंड संहितेच्या कलम १८८ चे, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचे, गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेले. ती टाळेबंदी होती, गुंडगिरी नव्हे. विशेष व स्थानिक कायद्यांच्या रकान्यात दारूबंदी, जुगार वगैरे येतात. पोलिसांनी मोहीम काढली की तो आकडा चढतो. आणि एकाच एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो.

राहण्याच्या दृष्टीने मी तीनच रकाने ठेवीन: खून (लपवणं अवघड), वाहनचोरी (विम्यासाठी तक्रार करावीच लागते, म्हणून नोंद बरी होते), घरफोडी. विनयभंग, छळ यांची नोंद जास्त असेल तर जागा वाईट असा अर्थ लगेच काढू नका. तक्रार घेतली जाते असाही त्याचा अर्थ असू शकतो. रत्नागिरीसारख्या ठिकाणी खुनाचे आकडे इतके लहान असतात की दोन-तीन घटनांनी दर दीडपट होतो. पाच वर्षांची बेरीज करूनच भागा.

---

जांभ्याचापाट

११२२ चा अर्थ: पुरुष मुंबईला. दुसरं काही नाही. त्याच जनगणनेत मुंबई शहर जिल्हा ८३२ आणि उपनगर ८६०. कोकणातून गेलेला पुरुष तिथे मोजला जातो आणि इथे वजा होतो. मुलींची स्थिती बघायची असेल तर ०-६ वयाचं बाल लिंग गुणोत्तर बघा. त्या वयात नोकरीसाठी कोणी गाव सोडत नाही. रत्नागिरीतही ते हजाराच्या खाली आहे.

लोकसंख्या बघा: २००१ मध्ये १६,९६,७७७, २०११ मध्ये १६,१५,०६९. जिल्हाच आकसलाय. याचे परिणाम आकड्यांत उलटसुलट दिसतात. दरडोई दवाखाने, शिक्षकांमागे विद्यार्थी हे सगळं छान दिसतं, कारण मुलंच कमी. घरयादीत रिकाम्या घरांचा रकाना आहे, तो जरूर बघा. पण तिथल्या 'घर' शब्दात दुकान, गोदाम, शाळा सगळं येतं. राहत्या घरांशी भागाकार करायचा तर वापरानुसार विभागलेला तक्ता घ्या.

ज्येष्ठ आहेत म्हणून सांगतो, 'रुग्णालयातील खाटा' हा आकडा रत्नागिरीसाठी निरुपयोगी आहे. रात्री दोन वाजता अँजिओप्लास्टी कुठे होते आणि तिथवर किती मिनिटं लागतात, एवढंच विचारा. नाही झाली तर कोल्हापूर, आणि मध्ये घाट आहे.

---

उंबरठा_२७

सर्वांचे आभार. एनएफएचएस आणि ईझ ऑफ लिव्हिंगचं काय करू? २०१८ ला पुणे पहिलं आणि २०२० ला दुसरं, म्हणजे घसरण झाली का?

---

नमुना_पाहणी

घसरण वगैरे काही नाही, मोजपट्टीच बदलली. २०२० च्या निर्देशांकात ३० टक्के वजन नागरिकांच्या मतसर्वेक्षणाला होतं, बाकी जीवनमान ३५, शाश्वतता २०, आर्थिक क्षमता १५. २०१८ ला मतसर्वेक्षण नव्हतं. शिवाय क्रमांकांमध्ये गुणांचा फरक बारीक असतो. घर घ्यायला हा निर्देशांक नकोच. महापालिकांना आपापसात तुलना करायला ठीक.

एनएफएचएस-५ मध्ये जिल्ह्यामागे सरासरी ९०० कुटुंबं. ५० टक्क्यांच्या आसपासच्या आकड्याला साध्या नमुन्यात ३.३ टक्के-बिंदूंची चूक दोन्ही बाजूंना धरावी लागते. गुच्छ पद्धतीने (आधी गाव-वस्त्या, मग त्यांतली घरं) निवड असल्यामुळे ती चार-साडेचारपर्यंत जाते. म्हणजे नाशिक ६२ आणि रत्नागिरी ६५ असं दिसलं तर ते सारखेच समजा. लहान मुलांचे निर्देशक आणखी कच्चे. तक्त्यात आकडा कंसात असेल तर तो २५ ते ४९ जणांवर बेतलेला आहे, आणि फुली (*) असेल तर २५ पेक्षा कमी म्हणून छापलेलाच नाही. कंस काढून एक्सेलमध्ये टाकला की ही सूचनाच हरवते. महाराष्ट्राची पाहणी २०१९ मधली, कोविडच्या आधीची, हेही शेजारी लिहून ठेवा.

हवेसाठी त्या दिवसाचा एक्यूआय (हवा गुणवत्ता निर्देशांक) बघू नका. पीएम २.५ चे (हवेतले अतिसूक्ष्म कण) मासिक आकडे उतरवा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी वेगळे काढा. पावसाळ्याचे चार महिने वार्षिक सरासरी खाली ओढतात. भारतीय मानक वार्षिक ४० आणि २४ तासांचं ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. केंद्र तुमच्या घरापासून किती लांब आणि कुठल्या रस्त्यावर आहे तेही नकाशात बघा.

पाण्याचा 'दरडोई पुरवठा' म्हणजे बहुधा शुद्धीकरण केंद्रातून सोडलेलं पाणी भागिले लोकसंख्या. गळती त्यातच. वाघोलीसाठी सोसायटीकडे मार्च ते मे महिन्यांची टँकरची बिलं मागा. हिशोब सोपा आहे: १२० फ्लॅट, घरटी ४ माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज ६४,८०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर साडेसहा टँकर म्हणजे पूर्ण दिवसाची गरज. बिलावर रोज ४ टँकर दिसले तर साठ टक्के पाणी विकतचं. बिल द्यायला सचिव टाळाटाळ करत असेल तर वार्षिक सभेच्या ताळेबंदात 'पाणी खर्च' ही ओळ असते, ती विक्रेत्याकडून मागून घ्या.

एक्सेलमध्ये प्रत्येक आकड्यापुढे तीन रकाने जोडा: वर्ष, हद्द (गाव, महापालिका, नागरी समूह की जिल्हा) आणि छेद. हे तिन्ही जिथे जुळत नाहीत तिथे तुलनेचा रंगच भरू नका. माझ्या अंदाजाने तुमच्या तक्त्यातल्या निम्म्या ओळी तिथेच गळतील.