कार्बन-'तटस्थ' म्हणजे नेमकं काय? चीनच्या वचनातला एक शब्द

चीनच्या हवामान धोरणावरचा मजकूर मराठीत आणताना 'कार्बन-तटस्थता' (जेवढा कार्बन हवेत सोडला तेवढाच परत शोषला जाणं) या शब्दापाशी अडले आहे. शी जिनपिंग यांनी सप्टेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, २०६० पूर्वी ती साधण्याचा प्रयत्न करू, असं जाहीर केलं होतं.

आपल्याकडे तटस्थ कोण? भांडणात न पडणारा, ठरावावर मत न देणारा. शब्दशः, काठावर उभा असलेला. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ एक तृतीयांश ज्या एका देशातून बाहेर पडतो, तो काठावर कुठला? तो भर पुरात आहे.

चिनीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. युद्धात कुणाची बाजू न घेणं ते 'चुंग-ली'. आम्ल आणि आम्लारी एकमेकांचा प्रभाव संपवतात ते 'चुंग-ह'. कार्बनसाठी त्यांनी हा दुसरा, रसायनशास्त्रातला शब्द घेतला. शाळेतला प्रयोग आठवा: चंचुपात्रात आम्लारी, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग, वरून ब्युरेटमधून थेंब थेंब आम्ल. एका थेंबाला गुलाबी रंग नाहीसा होतो. जेवढं एक, तेवढंच दुसरं. मराठी पाठ्यपुस्तकात याला 'उदासिनीकरण' म्हणतात. मग 'कार्बन-उदासिनीकरण' का नको?

दुसरी अडचण 'ता-फंग'ची, म्हणजे उत्सर्जनाचं शिखर गाठणं. मराठीत शिखर गाठलं की आपण हार घालतो. इथे सांगायचंय ते त्यानंतरचं, की तिथून आकडा खाली येईल. मी 'उतार पडणे' सुचवते, तापाला उतार पडतो तसं. आणि मूळ वचन '२०३० पूर्वी' असं आहे. '२०३० पर्यंत' लिहिलं की ते वर्षही आत धरलंय का, हे कळत नाही.

प्रतिसाद: उदासिनीकरण शास्त्राला धरून आहे, पण आईला वाचून दाखवलं तर तिने विचारलं, "कोण उदास झालं?" वर्गाबाहेर हा शब्द चालणार नाही. त्यापेक्षा कार्बनसाठी 'कर्ब' घ्या. माती परीक्षणाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' असतो, शेतकऱ्याला तो पाठ आहे. कर्जफेड तशी 'कर्बफेड'! जेवढा कर्ब हवेत सोडला तेवढा जंगलांनी, जमिनीने परत घ्यायचा.

मूळ लेखिका: कर्बफेड ऐकताक्षणी आवडला, रात्रभर डोक्यात होता. तरी तो इथे बसत नाही. कर्ज फेडलं की मुद्दल संपतं. इथे फक्त त्या त्या वर्षाची बरोबरी होते. आधी साठलेला कर्ब हवेतच राहतो. आणि चीनचा जगाशी वाद नेमका त्या साठ्यावरूनच आहे. श्रीमंत देशांनी दीडशे-दोनशे वर्षं कोळसा जाळला, त्यांचा वाटा मोठा, हे तो सतत मांडतो. १९९२ च्या हवामान करारातलं 'सामाईक पण वेगवेगळी जबाबदारी' हे तत्त्व त्याचा आधार आहे. भारतही तेच म्हणतो. कर्बफेड हा शब्द त्या जुन्या देण्यासाठी राखून ठेवूया. तिथे तो चपखल आहे.

प्रतिसाद: एका शब्दाने किती फरक पडतो ते ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये दिसलंच. कोळसा टप्प्याटप्प्याने 'बंद' करण्याऐवजी 'कमी' करणं, हा बदल भारताने शेवटच्या क्षणी मांडला आणि चीनही त्याच बाजूने होता. मला 'कर्ब-समतोल' बरा वाटतो. तराजू डोळ्यांपुढे येतो, दोन्ही पारडी दिसतात.

मूळ लेखिका: समतोल घेते. आता वाक्य असं झालंय: 'उत्सर्जनाला २०३० पूर्वी उतार पडावा आणि २०६० पूर्वी कर्ब-समतोल साधावा, यासाठी चीन प्रयत्नशील राहील.' शेवटचे शब्द लांबट वाटले तरी गाळणार नाही. मूळ चिनीत दोन्ही तारखांच्या आधी 'झटून प्रयत्न करू' अशाच अर्थाचे शब्द आहेत. 'करेल' लिहिलं तर चीनने न दिलेलं वचन आपण त्याच्या तोंडी घातल्यासारखं होईल.