अमेरिकेत जिल्हा न्यायाधीश राष्ट्राध्यक्षांचा आदेश कसा अडवतो?

एडिसनकर: साताऱ्याहून बाबा फोनवर विचारतात, "तुमच्याकडे जिल्हा कोर्टातला जज्ज थेट राष्ट्राध्यक्षाला थांबवतो? आमच्याकडे त्यासाठी निदान हायकोर्ट गाठावं लागतं!" काय सांगू?

ट्रेंटनची_मावशी: सांगा, हा जज्ज राज्याचा नाही, संघराज्याचा. राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं आणि मग तहहयात खुर्ची. पगारसुद्धा कापता येत नाही, मग घाबरायचं कुणाला? आपल्याकडे एकच उतरंड केंद्राचे आणि राज्याचे दोन्ही कायदे बघते. इथे राज्याची कोर्टं वेगळी, संघराज्याची वेगळी. संघराज्याची जिल्हा कोर्टं 94, त्यांवर अपिलाची 13. आपण राहतो त्या न्यू जर्सीचं अपील फिलाडेल्फियाला. त्यापुढे सुप्रीम कोर्ट, पण तिथे नऊपैकी चौघांनी 'ऐकू या' म्हटलं तरच बहुतेक प्रकरणं उभी राहतात. घटनाबाह्य कायदा रद्द ठरवण्याचा अधिकार घटनेत स्पष्ट लिहिलेला नाही बरं का! 1803 मध्ये मार्बरी खटल्यात सरन्यायाधीश मार्शल यांनी तो ठामपणे मांडला. भारी डोक्याचा माणूस.

एडिसनकर: मग एकाच जज्जची स्थगिती देशभर लागू?

ट्रेंटनची_मावशी: जून 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने 6-3 ने त्याला लगाम घातला. दिलासा सहसा दावा लावणाऱ्यांपुरताच. सामूहिक दाव्याची, म्हणजे सारख्या स्थितीतल्या सगळ्यांच्या वतीने दावा लावायची, वाट मात्र उघडी आहे.

एच१बी_वाला: इमिग्रेशन कोर्ट यात धरायचं का?

ट्रेंटनची_मावशी: मुळीच नाही. ते न्याय खात्याचं, म्हणजे सरकारचंच; तिथले जज्ज ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे त्या खात्याच्या प्रमुखाच्या, हाताखाली. तहहयात वगैरे काही नाही.